खाडाखोड कुठे शिकायची?

गेल्या महिन्यात आमच्या घरी एका निबंधाचे जाहीर वाचन झाले. विषय नेहमीचाच, ‘माझी आजी’. लेखिका माझी नात, इयत्ता आठवी. निबंधातली आजी नऊवारी नेसणारी, पहाटे उठून अंगणात सडा घालणारी, तुळशीला पाणी घालून मगच चहा घेणारी, बेसनाचे लाडू वळणारी आणि रात्री नातवंडांना कुशीत घेऊन राजाराणीच्या गोष्टी सांगणारी होती. तिचे हात सुरकुतलेले, पण मायेने ओथंबलेले होते. निबंधाला दहापैकी नऊ गुण मिळाले होते आणि खाली लाल शाईत ‘छान!’ असा शेरा होता.

माझ्या पत्नीने तो शांतपणे ऐकून घेतला. तिने चौतीस वर्षे टेलिफोन खात्यात नोकरी केली. कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडून देण्यापासून सुरुवात केली, पाळ्या केल्या, लोकलच्या गर्दीत आयुष्याची कितीतरी वर्षे उभ्याने काढली. नऊवारी ती लग्नात नेसली तेवढीच. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे सड्याचा प्रश्न येत नाही, आणि लाडू आम्ही वर्षानुवर्षे स्टेशनाजवळच्या दुकानातून आणत आलो आहोत. निबंध संपल्यावर ती म्हणाली, “बाई कामाची दिसते. पगार किती घेते विचार, आपल्याकडे ठेवून घेऊ.”

नात खो खो हसली, मग जराशी ओशाळली. निबंध तिने लिहिलेलाच नव्हता. फोनला विषय सांगितला, किती शब्द हवेत तेही सांगितले, आणि अर्ध्या मिनिटात आजी तयार झाली. “पण आजोबा, शुद्धलेखनाची एक तरी चूक दाखवा,” ती म्हणाली. मी चष्मा लावून दोनदा वाचले. एकही चूक नव्हती. अनुस्वार जागच्या जागी, वेलांट्या बिनचूक. नववा गुण कशासाठी दिला असेल हे मला कळत होते. दहावा का कापला, हे मात्र त्या निबंधाच्या एकंदर परिपूर्णतेकडे पाहता कळेना.

आता या वयाचा माणूस यंत्रावर तोंडसुख घेणार, अशी वाचकांची समजूत झाली असेल तर ती साहजिक आहे. पण मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस आहे. आमच्या शाखेत संगणक यायचे ठरले तेव्हा मीसुद्धा एक दिवस दंडाला काळी फीत लावून काम केले होते. पुढे ते यंत्र खरोखरच आले, आणि सहामाहीच्या अखेरीस दहा पैशांचा फरक शोधत रात्री अकरापर्यंत खातेवह्या चाळायचे बंद झाले, तेव्हा ती फीत मी कुठे ठेवली तेही आठवेना. माझ्या शेवटच्या तीन कादंबऱ्या मी संगणकावरच लिहिल्या. तेव्हा भांडण यंत्राशी नाही.

उलट आज इंटरनेटवर मराठी शिकणाऱ्या मुलासाठी जे काही फुकट पडलेले आहे, ते पाहून माझे डोळे विस्फारतात. सातारा जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी शिकलो, तिथल्या वाचनालयात दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड होते. काचेच्या कपाटात, कुलपात. किल्ली ग्रंथपालांच्या कमरेला. शब्द पाहायचा म्हणजे आधी “कशाला हवाय?” या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर द्यावे लागे. १९३२ पासून खंडाखंडाने निघालेला तो सबंध कोश आज अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने आपल्या संकेतस्थळावर खुला ठेवला आहे. तिथेच मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही आहे, १८५७ सालची दुसरी आवृत्ती. कंपनी सरकारच्या फौजेतल्या एका अधिकाऱ्याने आपल्याकडच्या शास्त्रीपंडितांना हाताशी धरून गोळा केलेले शब्द, शिकागोमार्गे, डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर मी चहा पिता पिता पाहतो. कमरेला किल्ली कोणाच्याच नाही.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला बसून उभा केलेला मराठी विश्वकोश इंटरनेटवर आहे. बालभारतीची पुस्तके पहिलीपासून उतरवून घेता येतात. परदेशातल्या एखाद्या मराठी घराला पूर्वी कोणी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पुस्तक मागवावे लागे, ते आता लागत नाही. पाठ्यपुस्तकांवर ते चौकोनी ठिपक्यांचे चित्र असते, त्यावर फोन धरला की २०१७ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘दीक्षा’वरचे धडे उघडतात. व्याकरणाच्या चित्रफिती तर इतक्या आहेत, की एका जन्मात पाहून संपणार नाहीत. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, मग माध्यम कोणतेही असो. म्हणजे या सगळ्याला गिऱ्हाईकही भरपूर. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आमच्या सोसायटीतही पेढे वाटले गेले.

मग नातीला मराठीत पाच वाक्ये स्वतःची लिहायला सांगितली, की ती फोनकडे का बघते?

हे कळावे म्हणून मी दोन-तीन रविवार तिच्याबरोबर बसलो. पहिल्याच बैठकीत एक गंमत झाली. तिला ‘कुतूहल’ या शब्दाचा अर्थ हवा होता. तिने तो ‘कुतुहल’ असा टंकला. कोशाने सांगितले, असा शब्द नाही. तिने माझ्याकडे वळून जाहीर केले, “आजोबा, हा शब्द मराठीत नाहीये.” छापील कोशात असे होत नसे. तिथे बोट चुकीच्या जागी गेले तरी दोन ओळी वरखाली नजर फिरली, की बरोबर शब्द सापडे, आणि वाटेत चार शब्द आगंतुक भेटत. इंटरनेटवरचे काही कोश चूक समजून घेतात, बरेचसे घेत नाहीत. शब्द कसा लिहायचा हे पाहायला जावे, तर तो आधी नीट लिहून दाखवावा लागतो. बँकेत काही ग्राहकांना खाते उघडायला आधीच्या खातेदाराची ओळख लागे, तसलाच प्रकार.

दुसऱ्या रविवारी लाल रेघेची ओळख झाली. तिने स्वतःहून एक वाक्य लिहिले, त्यात ‘मैत्रिणींबरोबरच्या’ असा शब्द होता. अगदी बरोबर लिहिलेला. यंत्राने त्याखाली लाल नागमोडी रेघ ओढली. नात घाबरली. तिने शब्द तोडून पाहिला, ‘मैत्रिणीं बरोबर च्या’. रेघ कमी झाली. तिला वाटले, चूक सुधारली.

यात यंत्राला फार दोष देता येत नाही. इंग्रजीत घराला शेपूट लागते ते अनेकवचनाचे, एकच. आपल्याकडे घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा, घरासमोरच्यांनीही अशी मालगाडी लागत जाते, आणि प्रत्येक डबा जोडताना आधीच्या शब्दाचे रूप बदलते. ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व. ‘वकील’ दीर्घ, पण ‘वकिलाला’ ऱ्हस्व. आणि लगेच अपवाद: ‘शरीर’ संस्कृतातून जसाच्या तसा आला म्हणून ‘शरीराला’ दीर्घच. शब्दांची यादी करून ठेवली आणि यादीत नाही ते चूक म्हटले, की मराठीतले निम्मे बरोबर शब्द चूक ठरतात. यावर काम करणारी मंडळी आहेत, आणि पूर्वीपेक्षा स्थिती पुष्कळ सुधारली आहे. पण आठवीतल्या मुलीला हे कोण सांगणार? तिच्या लेखी लाल रेघ म्हणजे बाईंची शाई. बाई चुकतील, पण रेघ चुकणार नाही. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, सरकारी फलकांवरसुद्धा आजकाल ‘आपल्या साठी’, ‘मुलां करिता’ असे शब्दयोगी अव्यय तोडून लिहिलेले दिसते, त्याला हिंदीचे वळण कारण आहेच, पण या लाल रेघेचाही हातभार लागला असावा असा माझा संशय आहे.

आणि जिथे खरोखर टोकायला हवे, तिथे रेघ गप्प. हे जरा विस्ताराने सांगतो, कारण ही आमच्या घरची जुनी गोष्ट आहे. मी शाळेत गेलो तेव्हा शुद्धलेखनाचे नवे नियम नुकतेच लागू झाले होते. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले चौदा नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी चार घातले, असे ते एकूण अठरा. त्यांनी सगळ्यांत मोठी कात्री लावली ती न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना. माझे वडील तालुका कचेरीत कारकून होते. ते ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे लिहीत. मी ‘नाव’, ‘काही’, ‘घरात’ लिही. एकाच घरात दोन शुद्धलेखने नांदत होती आणि दोघांनाही दुसरा अशुद्ध लिहितो असे वाटे. एकदा आजोळी पूर आला तेव्हा मामांचे पत्र आले, त्यात जुन्या वळणाने लिहिले होते, ‘घरांत पाणी शिरलें.’ मी नव्या शाळेतला. मी आईला सांगितले, पुष्कळ घरांत शिरले आहे, नुसत्या मामाच्या नाही. आई रडायची थांबेना. वडिलांनी पत्र हातात घेऊन सांगितले, एकाच घरात, आणि तेही पडवीपर्यंतच.

आज नियम स्पष्ट आहे. ‘घरात’ म्हणजे एका घरात, ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. एका टिंबाने एक घर बुडते किंवा आळी बुडते. पण यंत्राला दोन्ही शब्द बरोबरच दिसतात, कारण दोन्ही बरोबरच आहेत. पाणी किती घरांत शिरले ते त्याला ठाऊक नसते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचेही तेच. एक समुद्र, दुसरे डोंगरांमधले खोलगट भाग. फोनवर हा ‘ऱ्य’ कसा उमटवायचा हे पुष्कळांना सापडत नाही, म्हणून सह्याद्रीच्या सहलीचे वर्णन करणारी मुले सर्रास ‘खोल दर्या’ पाहून येतात. लाल रेघ येत नाही. कशी येणार? दर्या खोल असतोच.

चित्रफितींबद्दल थोडक्यात. त्यातल्या बहुतेक स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी आहेत, आणि त्या कामाला त्या उत्तम आहेत. काही शिक्षक तर इतके रंगवून शिकवतात की मी स्वतः बहुव्रीही समास नव्याने शिकलो. पण त्यांत चार पर्यायांतून एक ओळखायचे असते. कर्मणी प्रयोग ओळखता येणे वेगळे आणि आपल्या वाक्यात तो कधी वापरावा, कधी टाळावा हे कळणे वेगळे. वाहतुकीच्या खुणा पाठ असलेल्या माणसाला गाडी येतेच असे नाही.

माझ्या एका वाक्याची हकीगत इथे सांगायला हवी. १९९३ साली मी मराठवाड्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. बँकेचे नाव नको, आणि तसाही दोष बँकेचा नव्हता. एका शेतकऱ्याने पुतण्याच्या पाणी उपसायच्या इंजिनाच्या कर्जाला जामीन दिला होता. पुतण्याने हप्ते थकवले. जामीनदाराला पत्र लिहायचे काम माझ्याकडे आले. मी तेव्हा नुकत्याच दोन कथा मासिकात छापून आलेला होतकरू लेखक. मी लिहिले: ‘सदर थकबाकी आपण जामीनदार या नात्याने पंधरा दिवसांच्या आत न भरल्यास आपणाविरुद्ध कायदेशीर कारवाई करण्यात येणार नाही अशी आपली समजूत असल्यास ती चुकीची ठरेल, याची कृपया नोंद घ्यावी.’ वाक्यावर मी खूश होतो. त्यात एक दरारा होता, आणि सभ्यताही.

तीन-चार महिन्यांनी तो गृहस्थ शाखेत आला. हातात कोर्टाचे समन्स होते आणि माझे पत्र. पत्र त्याने चारदा घडी घालून पानसुपारीच्या चंचीत जपून ठेवले होते. त्याने ते टेबलावर पसरले आणि एका जागी बोट ठेवले. “साहेब, हितं तर लिवलंय की, कारवाई करण्यात येणार नाही.” त्याला स्वतःला वाचता येत नव्हते. पत्र सहावीतल्या नातवाने वाचून दाखवले होते. नातू ‘येणार नाही’पर्यंत पोहोचला, घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पुढचे कोणी ऐकलेच नाही. त्या पोराचे काय चुकले? क्रियापद आले, नकार आला, वाक्य संपले. मराठी वाक्य क्रियापदाशी संपते, हे त्याला कळत होते. मला कळत नव्हते.

त्याला थकबाकी तर भरावी लागलीच, वर दाव्याचा खर्चही. रक्कम बँकेच्या दृष्टीने किरकोळ होती. त्याने एक बैल विकला, हे मला नंतर कळले.

ते पत्र आजच्या कुठल्याही शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रात घाला. एकही लाल रेघ उमटणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ ठीक, लिंगवचन ठीक, विभक्ती ठीक. वाक्य व्याकरणशुद्ध होते आणि त्याने एका माणसाला फसवले.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. शाखेत एक दफ्तरी होते, सगळे त्यांना मामा म्हणत. चौथी शिकलेले. बाहेर जाणारे प्रत्येक मराठी पत्र मी आधी त्यांना वाचून दाखवू लागलो. मामा काही बोलत नसत. पण वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठी पडली, की मी तिथे थांबून कापाकापी करी. कधी एकाच पत्राचे तीन कच्चे मसुदे होत. ते वाक्य शेवटी असे झाले: ‘पंधरा दिवसांत पैसे भरा. न भरल्यास बँक तुमच्यावर दावा करील.’ दरारा गेला, सभ्यताही थोडी गेली. पण हे वाक्य कुणालाही मध्येच थांबून सुटकेचा निःश्वास टाकू देत नाही. पुढे माझ्या कादंबऱ्यांना चांगले संपादक मिळाले. पण लिहायचे कसे हे मी त्या आठीकडून शिकलो, असे मी प्रत्येक सत्कारात सांगतो आणि लोकांना तो विनय वाटतो.

इंटरनेटवर मुलांसाठी काय नाही, याचे उत्तर मला इथे सापडते. तिथे कोश आहेत, नियम आहेत, आणि ‘आदर्श निबंध’ तर ढिगाने आहेत. पण खोडलेला निबंध एकही नाही. कुणा मुलाने आधी काय लिहिले, बाई कुठे थांबल्या, काय विचारले, मग त्याने काय कापले आणि दुसऱ्यांदा काय लिहिले, हे दाखवणारे पान मी पुष्कळ शोधले. मराठीत मला मिळाले नाही. मुलाला दिसतो तो पक्का माल. पांढरा स्वच्छ कागद, ओळीने उभे शब्द. लिहिणाऱ्याच्या हातून ते असेच उतरतात अशी त्याची समजूत होते, आणि आपल्या हातून उतरत नाहीत म्हणजे आपल्याला येत नाही, असा तो निष्कर्ष काढतो. मग फोन जवळ असतोच. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले तेव्हापासून तर त्याला शोधायचेही कष्ट नाहीत. ते यंत्र कधी खाडाखोड करताना दिसत नाही. कादंबरीकाराला त्याचा हेवा वाटावा आणि मुलांना न्यूनगंड यावा, इतके ते झरझर लिहिते.

बँकेत हाताने खातेवह्या लिहायच्या काळात एक नियम असे. आकडा चुकला तर गिरवायचा नाही, ब्लेडने खरवडायचा नाही, कागद चिकटवायचा नाही. एका सरळ रेघेने कापायचा, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आद्याक्षरी करायची. कापलेला आकडा खालून वाचता आलाच पाहिजे. नव्या कारकुनांना याची लाज वाटे. वहीत रेघा नकोत म्हणून ते पाठच्या पाठ आधी कच्च्या कागदावर लिहून आणत. आमचे जुने अकाउंटंट त्यांना म्हणत, “कापलेलं दिसू दे. तपासणीस येतो तो तेच बघायला येतो.”

इंग्रजीच्या बाबतीत काय आहे हे पाहावे म्हणून मी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे संकेतस्थळ चाळले. लेखन आणि व्याकरण शिकवणारे हे जगातले एक जुने आणि गाजलेले ऑनलाइन दालन, १९९४ पासूनचे. सगळे फुकट. स्वल्पविरामापासून प्रबंधातल्या संदर्भांपर्यंत सारे काही तिथे समजावून दिलेले आहे आणि जगभरची मुले त्याचा उपयोग करतात. पण मला महत्त्वाची वाटली ती त्याच्या आधीची गोष्ट. विद्यापीठात १९७० च्या दशकापासून एक लेखनशाळा चालत होती. तिथे विद्यार्थ्याने आपला कच्चा मजकूर घेऊन यायचे आणि समोर बसलेल्या माणसाबरोबर तो वाचायचा. इंटरनेटवरचे पान त्या खोलीतून निघाले, आणि खोली त्यानंतरही चालू राहिली. आपण पान घेतले. खोलीचे काय?

खोली म्हटले की शाळेवर बोट ठेवायचा मोह होतो. माझी भाची माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. तिच्याकडे तीन तुकड्या, मिळून दीडशेवर मुले. मी तिला जुन्या सवयीने हिशेब मांडून दाखवला: एका निबंधाला पाच मिनिटे धरली तर दीडशे निबंधांना साडेबारा तास. ती म्हणाली, “मामा, आणि निवडणुकीचं काम कुणी करायचं?” पाच मिनिटे कुठून येणार? एक मिनिट मिळते. एका मिनिटात वेलांट्या दिसतात, लाडू वळणारी आजी खरी की खोटी ते दिसत नाही. ‘छान!’ लिहून वही मिटते. माझ्या नातीच्या बाईंना मी दोष देत नाही. चूक न सापडलेल्या वहीवर त्यांनी आणखी काय करायचे होते?

मला तर वाटते, यंत्राचा खरा उपयोग इथेच करून घ्यावा. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरे ही हमाली यंत्राने उचलावी; मात्र त्याने चूक परस्पर दुरुस्त करू नये, नुसते बोट दाखवावे आणि नियम कोणता ते सांगावे. ‘कुतुहल’ लिहिले तर ‘कुतूहल’ करून टाकू नये. “तू चा उकार बघ” एवढेच म्हणावे. आणि त्यामुळे वाचलेल्या वेळात बाईंनी वहीच्या समासात एकच प्रश्न लिहावा: ही कोण? हे खरंच झालं का? पुढे काय? राज्य मराठी विकास संस्था १९९२ पासून काम करते आहे, बालभारतीकडे महाराष्ट्रातले उत्तमोत्तम शिक्षक येऊन जातात. यांपैकी कोणी तरी शे-दोनशे खऱ्या वह्यांची पाने, मुलांची नावे झाकून, खाडाखोडीसकट इंटरनेटवर ठेवावीत. कच्चा मसुदा डावीकडे, बाईंचे प्रश्न मध्ये, दुसरा मसुदा उजवीकडे. खर्च फारसा नाही. आदर्श निबंधांच्या समुद्रात मुलांना पाय टेकायला तेवढी जागा होईल.

तोवर घरोघरी जे करता येईल ते करावे. आमच्या घरी आम्ही असे ठरवले आहे की आठवड्याला एक परिच्छेद, हाताने, आणि तो आजीला मोठ्याने वाचून दाखवायचा. कोश हवा तितका उघडावा, फोन नंतर उघडावा. पहिल्या दोन आठवड्यांत काही जमले नाही. तिसऱ्या आठवड्यात नातीने पुन्हा ‘माझी आजी’ घेतले. आठ ओळी झाल्या. त्यांत पाच चुका होत्या, त्यातली एक ‘ऑपरेटर’मधली. मधल्या दोन ओळी अशा होत्या: ‘आजी फोन उचलल्यावर अजूनही आधी एक सेकंद गप्प राहते. पलीकडचा माणूस आधी बोलेल याची ती वाट बघते.’

मी चाळीस वर्षे या बाईबरोबर राहतो. हे मी कधी पाहिले नव्हते.

पुढच्या ओळीत होते, ‘आजीने तीस वर्षे नोकरी केली.’ आजीने हात वर करून वाचन थांबवले. “तीस नाही, चौतीस. ती चार कुणाला दिलीस?” नात ‘तीस’ पार काळे करून टाकणार होती. मी तिचा हात धरला, एक सरळ रेघ मारायला लावली, वर ‘चौतीस’ लिहायला लावले. आद्याक्षरी कोणी करायची यावर थोडा वाद झाला. शेवटी आजीने केली.